चाकावरची माती आणि करदात्याचा पैसा

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या कायद्यानं उच्चशिक्षणाला एक नवी कसोटी लावली. पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी चार वर्षांनंतर नुसत्या हायस्कूल झालेल्या तरुणांपेक्षा कमी कमावत असतील, आणि तीनपैकी दोन वर्षं असंच दिसलं, तर त्या अभ्यासक्रमासाठी मिळणारी संघराज्य सरकारची कर्जं बंद. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना, म्हणजे गावोगावच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांना, या कलमाचा थेट चटका फारसा बसणार नाही, कारण इथली फी इतकी कमी आहे की कर्ज काढणारेच थोडे. पण कसोटी एकदा कायद्यात शिरली की लोकांच्या बोलण्यातही शिरते. चित्रकला, शिल्प, सिरॅमिक्स, छापाचित्र हे विषय सरकारी पैशानं शिकवावेत का, हा जुनाच वाद पुन्हा वर आला आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या मराठी घरांत गणपतीच्या जेवणाच्या पंगतीतही तो ऐकू येतो. वाद होतो याचं मला वाईट वाटत नाही. तो ज्या रीतीनं होतो त्याचं वाटतं.

एक बाजू म्हणते, हा पेन्शनरांचा छंद आहे, त्याचा खर्च करदात्यानं का सोसावा? दुसरी बाजू घाईघाईनं उत्तर देते की नाही हो, कलेतूनही नोकऱ्या मिळतात, ॲनिमेशन आहे, गेम्स आहेत, डिझाइन आहे, कंपन्यांना सर्जनशील माणसं हवीच असतात. दोन्ही बाजू पगाराची कसोटी मान्य करूनच बोलतात आणि भांडण फक्त आकड्यांचं उरतं. माझं म्हणणं वेगळं आहे. कम्युनिटी कॉलेजातला कलेचा स्टुडिओ ही सार्वजनिक ग्रंथालयाच्या तोडीची सोय आहे. ती नोकरी देते म्हणून राखायची नाही. हात आणि डोळा घडवण्याची संधी गावातल्या कोणालाही, कोणत्याही वयात मिळावी, म्हणून ती राखायची. आणि ती राखायची तर तिथे वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसांना हाकलून चालणार नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांत वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. १९६० च्या राज्य आराखड्यानं उच्चशिक्षणाची तीन पायऱ्यांत वाटणी केली: हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि शिक्षणाचा लाभ घेऊ शकेल अशा बाकी प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेज. प्रवेशाला गुणांची अट नाही. १९८४ पर्यंत तर शिकवणी शुल्कच नव्हतं. आज राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचा चित्रकलेचा वर्ग १३८ डॉलरला, आणि कमी उत्पन्न असेल तर ही फी माफ होते. खासगी कला महाविद्यालयांत वर्षाची फी ५० हजार डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि तीही आता धडाधड बंद पडत आहेत. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटनं २०२२ मध्ये वर्ग थांबवले. फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स जून २०२४ मध्ये जेमतेम आठवड्याभराच्या सूचनेवर बंद झाली. अशा काळात बस ड्रायव्हरच्या मुलीला धातूच्या पत्र्यावर अम्लानं रेघ कोरायला शिकायचं असेल, तर तिनं जायचं कुठे?

या वर्गांत काय चालतं ते न पाहता त्यांच्याविषयी मतं बनवली जातात, म्हणून एक वर्ग जवळून दाखवतो. आमच्या गावच्या कॉलेजात संध्याकाळचा सिरॅमिक्सचा वर्ग असतो. पहिला तास माती तिंबण्यात जातो. हवेचा बुडबुडा आत राहिला तर भांड्याची भिंत तिथे कच्ची राहते, आणि हे पुस्तकात वाचून कळत नाही, तळव्याला कळावं लागतं. मग चाकावर गोळा मधोमध आणणं. नवशिक्याचा गोळा आठवडेच्या आठवडे डुगडुगत राहतो. कोपर मांडीला टेकवायचा की बरगडीला, पाणी किती घ्यायचं, हात कधी सोडायचे, हे त्याला शिक्षकाइतकंच शेजारच्या चाकावर बसलेली सत्तरीची बाई सांगते. ती नर्स होती आणि निवृत्त झाल्यापासून इथे येते. तिच्या पलीकडे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे वर्ग घेणारा मुलगा, त्याच्या पलीकडे दिवसभर कोड लिहून आलेला आपल्यातलाच एक पुणेकर. भांडी सुकली की त्यांची पहिली भाजणी साधारण हजार अंशांना, मग झिलई, मग दुसरी भाजणी तेराशे अंशांच्या आसपास. भट्टी तापायला एक दिवस, निवायला दुसरा. ती लावायची कशी, कोणतं भांडं कुठल्या फळीवर, वितळलेली झिलई ओघळून फळीला चिकटू नये म्हणून तळाशी किती जागा कोरी सोडायची, ही सगळी विद्या त्या खोलीत आहे आणि ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. ही भट्टी कोणी आपल्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत ठेवू शकत नाही. यूट्यूबवर सगळं शिकता येतं असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच आहे.

आता विरोधकांचा सर्वात बळकट मुद्दा घेऊ. २००८ च्या मंदीनंतर राज्यानं कम्युनिटी कॉलेजांचा निधी कापला. वर्ग कमी झाले. इंग्रजीच्या आणि गणिताच्या प्राथमिक वर्गांत जागा नाही म्हणून मोठ्या संख्येनं विद्यार्थी प्रतीक्षा यादीत अडकले. त्यांत घरातली पहिलीच कॉलेजात जाणारी मुलं होती, दोन नोकऱ्या करून शिकणाऱ्या आया होत्या. त्याच वेळी सुस्थितीतला निवृत्त माणूस पाचव्यांदा सिरॅमिक्सला नाव घालत असेल, तर राग येणारच. आपल्याकडे हा राग फार पूर्वी आणि फार नेमकेपणानं मांडला गेला आहे. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हेच सांगितलं होतं: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर. कोणाचा पैसा आणि कोणाच्या मुलांवर, हा प्रश्न त्यांनी आपल्याला विचारायला शिकवला. सार्वजनिक पैशानं कला शिकवावी असं म्हणणाऱ्यानं या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाऊ नये.

मी तो प्रश्न अंगावर घेतो. फुल्यांची तक्रार मक्तेदारीविरुद्ध होती. ज्ञान मूठभरांच्या हाती ठेवायचं आणि बाकीच्यांना राबायला लावायचं, या व्यवस्थेवर त्यांनी बोट ठेवलं. ही दृष्टी घेऊन आजच्या अमेरिकेकडे पाहा. कलाशिक्षणाची मक्तेदारी कोणाकडे आहे? वर्षाला ५० हजार डॉलर भरू शकणाऱ्यांकडे. श्रीमंत वस्तीतल्या शाळांत चित्रकलेचा शिक्षक असतो, गरीब वस्तीतल्या शाळेत बजेट कापलं की पहिला तोच जातो. मग कम्युनिटी कॉलेजातूनही स्टुडिओ काढून टाकला तर रयतेच्या मुलांसाठी काय उरलं? वेल्डिंग आणि हिशेब गरिबांसाठी, चित्र आणि शिल्प श्रीमंतांसाठी, अशी वाटणी करणं हा फुल्यांच्या प्रश्नाचा विपर्यास आहे. गरिबाच्या मुलाला आधी भाकरीचं शिक्षण मिळालं पाहिजे, हे मला मान्य आहे. पण त्याला तेवढंच मिळावं, हे कोणी आणि कोणत्या अधिकारानं ठरवलं?

१९५० च्या दशकात एका प्रसिद्ध माणसानं या प्रश्नाचं उत्तर कृतीनं दिलं. ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेज ही मेक्सिकन वंशाच्या कामगारांच्या वस्तीतली साधी संस्था. भयपटांत गाजलेला नट व्हिन्सेंट प्राइस कलेचा जाणकार संग्राहक होता. या मुलांना मूळ कलाकृती जवळून पाहायला मिळायला हवी, असं त्याला वाटलं आणि १९५७ मध्ये त्यानं आपल्या संग्रहातल्या ९० कलाकृती त्या कॉलेजला दिल्या. पुढेही देत राहिला. आज तिथे त्याच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. एखाद्या बड्या विद्यापीठाला देणगी दिली असती तर त्याचं नाव अधिक झळकलं असतं. तो या वस्तीत आला.

२०१२ मध्ये राज्याच्या नियामक मंडळानं मंदीतल्या गर्दीवर एक उपाय काढला. चित्रकला, सिरॅमिक्स, नृत्य, व्यायाम अशा हातापायांनी शिकायच्या विषयांत पूर्वी तोच वर्ग पुन्हा घेता यायचा, तो आता बहुतांशी घेता येणार नाही. कॉलेजांनी पायऱ्या पाडून मार्ग काढला, सिरॅमिक्सचे सलग चार वर्ग आखले, पण एका विषयकुळात चारच्या पुढे जाता येत नाही. या नियमातली विसंगती पाहा. नापास झालेल्या विद्यार्थ्याला तोच वर्ग पुन्हा घेता येतो. उत्तीर्ण झालेल्याला नाही. इतिहासाच्या किंवा बीजगणिताच्या वर्गाला हे तर्कशास्त्र ठीक आहे. जे कळलं ते कळलं. पण मॉडेल समोर बसवून मानवाकृती काढण्याचा वर्ग एकदा उत्तीर्ण झाला म्हणजे मानवाकृती आली का? तीस सेकंदांच्या झटपट रेखाटनांपासून अर्ध्या तासाच्या बैठकीपर्यंत चारकोल चालवणारा माणूस दर वर्षी तोच वर्ग वेगळ्या डोळ्यानं करतो. गाण्यात आपण हे निमूट मान्य करतो. दहा वर्षं यमन घोटणाऱ्याला कोणी विचारत नाही की पहिल्या वर्षी यमन उत्तीर्ण झाला होतास ना?

गोरोबाकाकांची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं थापटून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. स्टुडिओत सत्राच्या शेवटी सगळ्यांची कामं टेबलावर मांडून होणारी चर्चा म्हणजे तेच थापटणं. शिक्षक, सहाध्यायी, वीस वर्षं चाक फिरवलेली म्हातारी, सगळे तुमचं काम हातात घेतात, उलटं करून तळ पाहतात, वाजवून पाहतात. त्या गोष्टीतला पुढचा भाग आपण विसरतो. कच्चे ठरलेले नामदेव विसोबा खेचरांकडे गेले आणि पुन्हा शिकले. त्यांच्या भक्तीत काही उणं होतं म्हणून नव्हे. पक्कं व्हायला पुन्हा आच लागते म्हणून. जुने विद्यार्थी वर्गातून गेले तर वाजवून पाहणारे कानच जातात. एकट्या शिक्षकानं पंचवीस नवशिक्यांना घेऊन बसायचं, हे चित्र हिशेबाच्या वहीत छान दिसतं, चाकावर दिसत नाही.

जागा मर्यादित असतील तर आधी नव्यांना द्याव्यात, हे मी आनंदानं मान्य करतो. जुन्यांनी उरलेल्या जागा घ्याव्यात, परवडत असेल त्यांनी पूर्ण खर्चही भरावा. पण जागा रिकाम्या असताना उत्तीर्ण झालेल्याला दारातून परत पाठवणं, आणि मग पुरेशी नावनोंदणी नाही म्हणून तो वर्गच रद्द करणं, यात कोणत्या गरीब मुलाचं भलं झालं?

आता आमच्याच बाजूच्या लोकांशी बोलतो. कलेचं समर्थन नोकऱ्यांच्या आकड्यांनी करण्याची सवय घातक आहे. आकडा चांगला असेल तोवर टाळ्या मिळतात. ॲनिमेशनच्या कंपन्या माणसं कमी करू लागल्या की तोच आकडा आपल्या गळ्याशी येतो. २०१८ पासून कॉलेजांना पैसे देण्याचं सूत्र बदललं आहे: साधारण ७० टक्के विद्यार्थीसंख्येवर, २० टक्के कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांवर, १० टक्के यशावर. यश म्हणजे मोजता येणारं यश: पदव्या, प्रमाणपत्रं, इथून पुढे विद्यापीठात प्रवेश, पोटापुरता पगार. दहा टक्के हा वाटा लहान आहे, पण प्रशासनाचं लक्ष तो ओढून घेतो, कारण हालवता येण्यासारखा आकडा तोच असतो. प्रमाणपत्र न घेता तीन वर्षं चित्रकला शिकून गेलेली बाई या सूत्रात यशाच्या रकान्यात येत नाही.

बक्षीस बाहेरून बांधलं की काय होतं, हे महाराष्ट्राला शिकवायला हवं का? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपल्यातल्या किती जणांनी दिल्या! स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. हे शिक्षण वाईट नव्हतं, अनेक गावांत चित्रकलेचा तेवढाच एक दरवाजा होता. आता इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३. गुण पदरात पडले की ब्रश बंद. इथल्या मराठी इंजिनिअरांत इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळवलेले खूप भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पंधराव्या वर्षानंतर पेन्सिल हातात धरलेली नसते. परीक्षा त्यांना आठवते, चित्र आठवत नाही. पंचेचाळिशीत कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात येऊन ते पुन्हा घनाकृतीची छाया काढू लागतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कोणत्याही सूत्रात बसत नाही. आणि हेच आईबाप मुलीनं कला विषय घेऊन दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला जाते म्हटलं तर हादरतात. कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या घरांतही "कम्युनिटी कॉलेज" हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जातो, जणू तिथे जाणं म्हणजे कुठेच प्रवेश न मिळणं.

त्यांना काही नावं सांगता येतील. वेन थिबो हा केकच्या चित्रांसाठी जगभर ओळखला गेलेला चित्रकार १९५१ ते १९६० सॅक्रामेंटोच्या ज्युनियर कॉलेजात शिकवत होता; न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनानं १९६२ मध्ये त्याचं नाव झालं तेव्हा त्यानं चाळिशी ओलांडली होती. चित्रकार केरी जेम्स मार्शल लॉस एंजेलिस सिटी कॉलेजात शिकून मग ओटिस या कला महाविद्यालयात गेला. २०१८ मध्ये त्याचं एक चित्र दोन कोटी डॉलरच्या वर विकलं गेलं. पण हा युक्तिवाद मी फार ताणणार नाही. एका मार्शलमागे हजारो जण असतात ज्यांचं चित्र कधीच विकलं जात नाही, आणि माझा लेख त्यांच्यासाठी आहे. गावातल्या मैदानावर क्रिकेट खेळणारी सगळी मुलं रणजी खेळणार नाहीत म्हणून मैदान कोणी विकत नाही, निदान विकू नये.

उपयोगी कला आणि शुद्ध कला असा भेद करून पैसे वाटण्याचा प्रयत्न आपल्याकडेही झाला होता. सर जमशेटजी जिजीभाई यांनी एक लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कला महाविद्यालय सुरू झालं, ते मुख्यतः कारागिरांचा हात सुधारावा, मालाला उठाव यावा म्हणून. पण शिकणारी माणसं योजनेबरहुकूम वागत नाहीत. तिथूनच १८९६ च्या सुमारास गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती घडली. तिथेच कोल्हापूरहून आलेले चित्रकार धुरंधर शिकले, शिकवू लागले, आणि १९३० मध्ये संचालकपदाची धुरा सांभाळणारे पहिले भारतीय झाले. हात घडवायला खोली, साधनं आणि गुरू दिले की त्या हातातून काय निघेल हे निधी देणाऱ्याला आधी ठरवता येत नाही.

अमेरिकेनं स्वतः हे एकदा ओळखलं होतं, तेही सर्वात वाईट काळात. महामंदीत, १९३५ पासून, सरकारनं चित्रकारांना पगार दिले आणि देशभर शंभरावर कलाकेंद्रं उघडली, जिथे कोणीही फुकट शिकू शकत होतं. जेकब लॉरेन्ससारखा चित्रकार न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अशाच वर्गांत वाढला. १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात दिएगो रिवेरानं लोकांच्या डोळ्यांदेखत एक भित्तिचित्र रंगवलं, साडेसहा मीटरहून उंच आणि बावीस मीटरहून लांब. मधोमध एक आकृती आहे, अर्धी ॲझ्टेकांची देवी कोआत्लिक्वे आणि अर्धं मोटारीचे पत्रे दाबणारं यंत्र. शेजारी तारयंत्राचा जनक मोर्स आहे, जो आधी चित्रकार होता. हे चित्र सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोसाठी होतं. युद्धामुळे इमारत रखडली, चित्र पेट्यांत पडून राहिलं आणि १९६१ मध्ये कॉलेजच्या नाट्यगृहात लागलं. ज्या कॉलेजात रात्रशाळेला परिचारिका आणि सुतार येतात, त्याच्या भिंतीवर ते शोभेल, असं त्या काळच्या लोकांना वाटलं होतं. आज आपल्याला तसं का वाटू नये?

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो आणि त्यावर आमची बाजू गप्प राहते. ही कॉलेजं कला स्वस्तात देतात ती बऱ्याच अंशी शिक्षकांच्या जिवावर. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अर्धवेळ शिक्षकाला एका कॉलेज जिल्ह्यात (एकाच मंडळाखालच्या कॉलेजांत) पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्यामुळे शिल्पकलेची शिक्षिका सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या, आणि मधला वेळ हायवेवर. भट्टी रात्री कोणीतरी बघायला लागते, तो वेळ कोणी मोजत नाही. थिबोला ज्युनियर कॉलेजच्या पूर्णवेळ नोकरीनं चित्र काढायला स्वास्थ्य दिलं. आज त्याच्या जागी तीन अर्धवेळ माणसं धावत असतात. स्टुडिओ राखा म्हणताना ही नोकरी माणसासारखी करा, हेही म्हणायला हवं, त्याला पैसे लागतील आणि ते कर म्हणून आपल्याकडूनच जातील.

पुन्हा वर्ग घेण्याचा नियम राज्यपातळीवर बदलावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. पण कोणता वर्ग चालू ठेवायचा आणि कोणता कापायचा हे कॉलेजचं स्थानिक विश्वस्त मंडळ ठरवतं, आणि ते मंडळ मतदानानं निवडलं जातं. इमारतींसाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्तावही मतदानालाच येतो आणि ५५ टक्के मतांनी मंजूर होतो. आपल्यातल्या ज्यांना इथे मताचा अधिकार आहे ते अध्यक्षीय निवडणुकीवर रात्रभर बोलतात आणि विश्वस्तांच्या नावांपुढची चौकट कोरी सोडतात. मंडळाच्या सभा खुल्या असतात, कोणालाही दोन-तीन मिनिटं बोलता येतं, आणि छापाचित्राचा वर्ग रद्द होण्याचा विषय येतो तेव्हा समोरच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या असतात. पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागण्याआधी त्या खुर्च्यांवर जाऊन बसायला हवं, आणि मुलीनं कला घ्यायचं म्हटलं असेल तर तिलाही बरोबर न्यायला हवं.